जुन्या पेढीवर नवा मजला: घट, मुकुट आणि सुवर्ण

दिवाळीचे चोपडापूजन आटोपले की व्यापारी घराण्यातील सगळे भाऊबंद वर्षातून एकदा निवांत एकत्र बसतात. हिशेबाच्या वह्या बाजूला सरतात आणि पेढीच्या इमारतीचा विषय निघतो. मुंबईची काळबादेवी असो, पुण्याची रविवार पेठ असो वा सोलापूरची बाजारपेठ, प्रसंग थोड्याफार फरकाने सारखाच घडतो. इमारत पणजोबांच्या काळची असते. खाली दुकान व गोदाम, वर पेढी, त्यावर बिऱ्हाडे. पुतण्या आराखडा उलगडून म्हणतो, "काका, वरची कौले उतरवून दोन मजले चढवले, तर घातलेला पैसा काही वर्षांत भाड्यातून सुटेल." काका म्हणतात, "पणजोबांच्या वास्तूला माझ्या हयातीत हात लागणार नाही." तळमजल्यावरचा पागडीचा भाडेकरू दारात उभा असतो. काम सुरू झाले तर आपले दुकान किती महिने बंद राहील, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. अर्ध्या तासात बैठक मोडते आणि विषय पुढल्या दिवाळीवर जातो. प्रश्न सुटत नाही, कारण तो नीट मांडलेलाच नसतो.

आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसा’ ग्रंथात वस्तूचे स्वरूप उकलण्यासाठी एक प्रसिद्ध दृष्टांत येतो. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट घडवला जातो. ज्याला घट हवा होता त्याला शोक होतो, ज्याला मुकुट हवा होता त्याला हर्ष होतो, आणि ज्याला केवळ सोने हवे होते तो समभावाने पाहत राहतो. घटाचा व्यय झाला, मुकुटाचा उत्पाद झाला आणि सुवर्ण ध्रुव राहिले. तिन्ही गोष्टी एकाच क्षणी खऱ्या आहेत, आणि तिघांपैकी कोणाचीही भावना निराधार नाही.

पेढीच्या बैठकीतही हेच तिघे बसलेले असतात. काकांना घट मोडल्याचे दुःख दिसते, पुतण्याला मुकुट दिसतो. मात्र सुवर्णाकडे पाहणारा तिसरा मनुष्य बहुतेक वेळा बैठकीत नसतोच. जुन्या व्यापारी वास्तूला जोड देण्याच्या कोणत्याही प्रस्तावाचे मूल्यमापन या तिसऱ्याच्या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे: या वास्तूतील सोने कोणते? ते एकदा ठरले, की किती चौरस फूट वाढवावेत, कोठे वाढवावेत आणि वाढवावेत की नाही, हे पुढचे प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

जुने ते सगळे सोने, असे मानण्याचे कारण नाही. मागाहून ठोकलेल्या प्लायवूडच्या भिंती, छपरावरचे पत्रे, दर्शनी भाग झाकणारे फलक व वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या ही बहुधा सोन्यावर साचलेली काजळी असते. ती उतरवण्यास कोणाची परवानगी मागण्याआधी कुटुंबाचीच हिंमत लागते. सोने असू शकते ते सागवानी खांब व तुळयांच्या सांगाड्यात, रस्त्यावर झुकलेल्या लाकडी सज्जात, आतल्या चौकातून चारही मजल्यांना मिळणाऱ्या उजेडवाऱ्यात, गिऱ्हाइकाला रस्त्यावरून थेट गादीपर्यंत आणणाऱ्या ओट्यात. कधी ते एका इमारतीत नसते, ओळीत असते. एकसारख्या उंचीच्या, एकसारख्या सज्जांच्या दहा इमारतींची रांग हेच तिचे धन असते आणि त्यातील एकीने डोके वर काढले की दहांचेही मोल उणावते. आणि कधी ते दगडविटांत नसून व्यवहारात असते. एका गल्लीत एकाच मालाचे व्यापारी शेजारीशेजारी बसतात, म्हणून गिऱ्हाईक तेथे येते. ती वस्ती उठली तर इमारत उरते, बाजार उरत नाही.

मुंबईच्या नियमांतही हाच विवेक वेगळ्या भाषेत मांडलेला आढळतो. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा वास्तूंचे नियम लागू झाले आणि महापालिका आयुक्तांना सल्ला देण्यासाठी वारसा संवर्धन समिती आली. वास्तूंच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत आत किंवा बाहेर बदल करण्यास मुभा नाही; वास्तू बळकट करण्यासाठी व तिचे आयुष्य वाढवण्यासाठी जे अटळ आहे तेवढेच करता येते. दुसऱ्या श्रेणीचे दोन भाग आहेत. ‘अ’ भागात अंतर्गत बदल व नवा वापर यांना कठोर छाननीनंतर वाव मिळतो. ‘ब’ भागात त्याच आवारात जोडइमारत किंवा विस्तारही काही परिस्थितीत मान्य होऊ शकतो. मात्र तो मूळ वास्तूशी, विशेषतः उंची व दर्शनी भाग यांबाबत, सुसंगत असावा लागतो आणि तिचे महत्त्व उणावणारा नसावा. तिसऱ्या श्रेणीत बाह्य व अंतर्गत बदलांना अधिक मोकळीक आहे. म्हणजे नियमांनी जोडकामाला सरसकट ना म्हटलेले नाही. कोणत्या वास्तूत सोने किती खोलवर आहे, यावर उत्तर अवलंबून ठेवले आहे. इतर शहरांच्या याद्या व नियम वेगळे असतात. म्हणून आराखड्यावर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी आपली इमारत कोणत्या यादीत व कोणत्या श्रेणीत आहे, हे पालिकेतून लेखी स्वरूपात जाणून घेणे हे पहिले पाऊल होय.

जोडकाम प्रत्यक्षात कसे वागते, याचे एक उदाहरण मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर आहे. अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झाले. त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या भारतीय वास्तुरचनाकाराचा मोठा वाटा होता. त्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केले. पुढे खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी नवा उंच मनोरा उभा राहिला.

या जोडकामाविषयी दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. समुद्रावरून पाहणाऱ्याला पूर्वी जुन्या वास्तूचा मधला घुमट सर्वांत उंच दिसे. आज मनोरा त्याच्याहून उंच दिसतो. शिवाय ग्रीन्स हॉटेल ही स्वतः एक जुनी वास्तू होती आणि ती गेली. घटाचा शोक करणाऱ्याचे हे दुःख खरे आहे. परंतु दुसरी बाजूही पाहावी लागते. मनोरा जुन्या इमारतीच्या डोक्यावर चढवलेला नाही. तो तिच्या बाजूला, स्वतःच्या पायावर उभा आहे. जुन्या भिंतींवर त्याचा भार नाही. जुने कोणते व नवे कोणते, हे लहान मुलालाही ओळखता येते.

याचे महत्त्व २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कळले. दहशतवादी हल्ल्यात लागलेल्या आगीने जुन्या भागाची भयंकर हानी केली. मनोऱ्याचा भाग त्याच वर्षी २१ डिसेंबरला पुन्हा सुरू झाला. जुना भाग मात्र २०१० च्या १५ ऑगस्टला उघडला. दोन तारखांमधील हे अंतर सुमारे वीस महिन्यांचे आहे. त्या काळात एका बाजूला व्यवसाय चालत राहिला आणि दुसऱ्या बाजूला जुन्या वास्तूच्या दुरुस्तीला आवश्यक तेवढा अवधी मिळाला. जोडकाम स्वतंत्र पायावर असले तर संकटात ते जुन्याचा आधार होऊ शकते. तेच जर जुन्याच्या खांद्यावर बसलेले असेल, तर दोघांचे दैव एकमेकांत अडकते.

जागतिक पातळीवरही संवर्धनाचा विचार याच दिशेने गेलेला दिसतो. १९६४ मध्ये व्हेनिस येथे ऐतिहासिक वास्तूंच्या संवर्धनाची जी सनद तयार झाली, तिने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. नवे काम जुन्यापासून वेगळे ओळखू यावे. आणि जोड अशी असावी की वास्तूचे महत्त्वाचे भाग, तिच्या रचनेचा तोल आणि सभोवतालाशी असलेले तिचे नाते बिघडू नये. अमेरिकेच्या शासकीय मानकांनी त्यात आणखी एक कसोटी घातली आहे: उद्या नवी जोड काढून टाकली, तर मूळ वास्तूचे रूप अबाधित राहिले पाहिजे. व्यापाऱ्याला ही कसोटी चटकन उमगेल. तारण ठेवलेला दागिना जसा होता तसा परत मिळण्याची खात्री असली, तर व्यवहार वाईट नाही. दागिना वितळवून दिला तर तो परत मिळत नाही.

जोड जुन्याच्या डोक्यावरच चढवायची असेल तर काय, या प्रश्नाचे गाजलेले उत्तर न्यूयॉर्क शहरात मिळाले. तेथील ग्रँड सेंट्रल टर्मिनल हे १९१३ मध्ये सुरू झालेले रेल्वेस्थानक एका खाजगी रेल्वे कंपनीच्या मालकीचे होते, त्यामुळे मालकासाठी ती एक व्यावसायिक मालमत्ताच होती. शहरातील दुसरे भव्य स्थानक, पेनसिल्व्हेनिया स्टेशन, १९६३ पासून पाडले गेले आणि लोकांच्या हळहळीतून १९६५ मध्ये वारसा वास्तूंचा कायदा आला. तोट्यात गेलेल्या मालक कंपनीने १९६८ मध्ये ग्रँड सेंट्रलच्या माथ्यावर ५५ मजल्यांचा कार्यालयीन मनोरा बांधण्याचा प्रस्ताव ठेवला. आराखडा मार्सेल ब्रॉयर या नामवंत वास्तुरचनाकाराचा होता. बांधकाम चालू असताना वर्षाला किमान १० लाख डॉलर आणि नंतर किमान ३० लाख डॉलर भाडे कंपनीला मिळणार होते. विशेष म्हणजे मूळ आराखड्यातच स्थानकावर पुढे वीस मजली मनोरा उभारण्याची कल्पना होती.

तरीही शहराच्या आयोगाने नकार दिला. प्रश्न केवळ भार पेलण्याचा नव्हता. एवढ्या मोठ्या आकाराखाली मूळ वास्तू दबून जाईल आणि उरली तरी नावापुरती उरेल, असा त्याचा आशय होता. दर्शनी भागाचा काही हिस्सा पाडून ५३ मजले उभारण्याचा दुसरा आराखडाही नाकारला गेला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी शहराची बाजू मान्य झाली.

या निकालातील व्यापाऱ्याने लक्षात घ्यावा असा भाग निराळाच आहे. मालकाला फक्त नकार देऊन न्यायालय थांबले नाही. त्याच्या हाती काय उरते, हेही त्याने मोजले. स्थानक, त्यातील दुकाने व कार्यालये यांतून वाजवी उत्पन्न चालूच राहणार होते. माथ्यावर न बांधता आलेले हक्क परिसरातील किमान आठ भूखंडांवर हलवण्याची सोय होती. म्हणजे सोने जपण्याचा सारा भुर्दंड एकट्या मालकाच्या माथी मारला गेला नाही. पुढे ते स्थानक काळजीपूर्वक दुरुस्त झाले, १९९८ मध्ये त्याचे पुनर्लोकार्पण झाले आणि त्याच्या दालनांत व्यापार जोमाने चालू राहिला.

मुंबईच्या १९९५ च्या नियमांतही याच न्यायाला स्थान आहे. वारसा वास्तूच्या मालकाला तिच्यावरील निर्बंधामुळे विकासाचा हक्क गमवावा लागत असेल, तर त्याबदली हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्याला बाजारात टीडीआर म्हणतात तो, देण्याची तरतूद त्यांत आहे. अनेक कुटुंबे हा पर्याय तपासण्यापूर्वीच विकासकाशी बोलणी सुरू करतात. वर दोन मजले बांधून जे मिळेल आणि न बांधता हक्क हलवून जे मिळेल, या दोन रकमा शेजारीशेजारी लिहिल्याशिवाय कोणताही हिशेब पुरा होत नाही. व्यापारी माणूस कापसाची गाठदेखील दोन भाव विचारल्याशिवाय घेत नाही. वडिलोपार्जित वास्तूच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा पहिल्याच भावावर सही करतो.

आता पुन्हा पेढीच्या बैठकीकडे वळावे. आपल्या बहुतेक जुन्या बाजारपेठांतील इमारती सागवानी सांगाड्याच्या वा चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतींच्या आहेत. त्यांच्यावर मजला चढवणे म्हणजे काय, हे वजनात मोजून पाहणे उद्बोधक ठरते. १२५ मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या छताचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. १०० चौरस मीटरचा एक मजला धरला, तर नुसते छतच ३० टनांच्या घरात जाते. नऊ इंची विटेची तीन मीटर उंच भिंत दर मीटर लांबीला सव्वा टनाहून अधिक असते. त्यात माणसे, कपाटे, माल व पाण्याची टाकी यांची भर पडते. पणजोबांच्या काळी घातलेल्या पायाने हा भार कधी पाहिलेला नसतो. खालच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल, तर चुन्याच्या भिंतीतील ओल आतच कोंडली जाते. तुळयांची भिंतीत शिरलेली टोके प्रथम कुजतात आणि तीच डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून वरवरच्या पाहणीवर ‘इमारत मजबूत आहे’ असे म्हणणाऱ्यावर विसंबू नये. पायाशेजारी खड्डा घेऊन पाया पाहावा, तुळयांची टोके उघडून तपासावीत, आणि मजला चढवून नफा मिळवणार नाही अशा अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच आवश्यक आहे. ती एक कागदी औपचारिकता समजून उरकली, तर तिचा उपयोग नाही.

दारात उभ्या असलेल्या भाडेकरूचाही विचार याच टप्प्यावर व्हावा. तीन पिढ्या त्या ओट्यावर बसणाऱ्याला बांधकामाच्या काळात पर्यायी जागा कोठे मिळणार, किती दिवसांसाठी, आणि परत येताना त्याचे क्षेत्र तेवढेच राहणार काय, याची उत्तरे आराखड्यावर सही होण्यापूर्वी कागदावर असली पाहिजेत. त्याचा धंदा मोडून मिळालेले भाडे अहिंसेच्या तराजूवर वजनदार ठरत नाही. व्यवहाराच्या तराजूवरही नाही, कारण असंतुष्ट भाडेकरूच्या दाव्यात रखडलेले बांधकाम व्याजाने कुटुंबालाच पोखरते.

श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा घालायची, त्यांच्या यादीत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत व घर, यांची जोडी आरंभीच येते. हे योगायोगाने घडलेले नसावे. धान्य व नाणे वाढले तर ते दिसते. जागा वाढण्याची इच्छा मात्र गरजेचे रूप घेऊन येते. म्हणून पुतण्यालाही एक प्रश्न विचारणे रास्त आहे: हे दोन मजले कुटुंबाच्या वा व्यापाराच्या कोणत्या ठरावीक गरजेसाठी आहेत? धाकट्या भावाच्या कुटुंबाला राहायला जागा नाही, की गोदाम अपुरे पडते, की शेजाऱ्याने मजले चढवले म्हणून? पहिल्या दोन गरजांना मागच्या आवारातील लहानशी स्वतंत्र जोड, पोटमाळ्याचा नीट वापर किंवा शहराबाहेरचे गोदाम हे उत्तर असू शकते. तिसऱ्याला उत्तर नसते.

तसाच एक प्रश्न काकांसाठीही आहे. वास्तूला हात लावायचा नाही असे म्हणताना तिची देखभाल तरी होते काय? दर पावसाळ्यात गळणारे छप्पर, सज्जावर उगवलेला पिंपळ, उघड्या पडलेल्या वीजतारा यांकडे दुर्लक्ष करून केलेले रक्षण हेही एक प्रकारचे विसर्जनच आहे, फक्त सावकाश होणारे. आपल्या परंपरेत नवे मंदिर उभारण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अनेक पटींनी अधिक मानले जाते. त्या शब्दाचा अर्थ मात्र अनेकदा विसरला जातो. जीर्ण झालेल्याला वर उचलणे म्हणजे उद्धार. कोरीव लाकडी मंडप उतरवून त्या जागी नवे संगमरवर बसवले, तर नवे बांधकाम झाले. उद्धार कोणाचा झाला, हे विचारावे लागते. पेढीच्या वास्तूलाही हीच कसोटी लावता येईल.

म्हणून पुढल्या दिवाळीच्या बैठकीत आराखडा उलगडण्यापूर्वी एक कोरा कागद समोर घ्यावा. प्रत्येकाने, काकांनी, पुतण्याने, घरातील लेकीसुनांनी आणि शक्य असेल तर त्या भाडेकरूनेही, या वास्तूतील जे गेले तर ती आपली राहणार नाही, अशा तीन गोष्टी लिहाव्यात. ज्या गोष्टी बहुतेकांच्या कागदावर येतील, ते सोने. मग जोडकामाचा प्रस्ताव त्या यादीशेजारी ठेवून पाहावा. तो सोन्याला धक्का लावत नसेल, स्वतःच्या पायावर उभा राहत असेल, जुन्यापासून वेगळा ओळखू येत असेल, उद्या काढता येत असेल आणि कोणाचा धंदा मोडत नसेल, तर काकांनी मोकळ्या मनाने होकार द्यावा. यांपैकी एकही गोष्ट बसत नसेल, तर पुतण्याने आराखडा गुंडाळून ठेवावा आणि त्याच पैशांतून आधी छप्पर दुरुस्त करावे.

दृष्टांतातील तिसरा मनुष्य उदासीन नव्हता. आपल्याला काय हवे आहे हे त्याला आधीच ठाऊक होते, म्हणून घट मोडताना तो रडला नाही आणि मुकुट घडताना हुरळला नाही. पेढीच्या बैठकीत त्याची जागा रिकामी ठेवू नये.